कॅरिबियनचं ‘सगळं इन्क्लुडेड’ रिसॉर्ट: बेळगावातनं काय नेलं, काय कामाला आलं आणि काय उगाच वागवलं

आधी मार्क देऊन टाकतो, म्हणजे घाईतली मंडळी इथूनच परत जातील. रिसॉर्टला साडेतीन स्टार, समुद्राला चार, जेवणाला माझ्याकडून चार आणि आमच्या मिसेसकडून अडीच, आणि आमच्या स्वतःच्या तयारीला, खरं सांगायचं तर, तीन. त्यातला एक स्टार खडे बाजारातल्या अडीचशे रुपयांच्या प्लास्टिक सँडलला आहे आणि एक फिरकीच्या तांब्याला. का ते पुढे येतंय.

आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो, नातवाला बघायला. जावयांना पाच दिवस सुट्टी मिळाली आणि त्यांनी पुन्ता कानाचं बुकिंग करून टाकलं. पुन्ता काना म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक, कॅरिबियनमधला देश, नेवार्कहून विमानानं चारेक तास. पाच रात्री, खाणंपिणं, पूल, बीच, संध्याकाळचा नाचगाण्याचा शो, सगळं एकाच पैशात. हे ठरलं तेव्हा आम्ही अजून बेळगावातच होतो, त्यामुळे तयारी इथेच झाली, आणि तयारी म्हटल्यावर आमच्या शहापुरातल्या गल्लीनं जेवढा सल्ला दिला तेवढा माझ्या रिटायरमेंटलाही कुणी दिला नव्हता. एक जण म्हणाला, समुद्र बघायला एवढ्या लांब कशाला जातोस लेका, चोर्ला घाट उतरला की गोवा आहे की. दुसऱ्यानं सांगितलं, तिकडे क्रिकेटचं मैदान बघून ये. त्याला वाटलं वेस्ट इंडीज म्हणजे सगळीकडे क्रिकेट. मलाही तसंच वाटत होतं, आमची पिढी गावसकरच्या १९७१ च्या ७७४ रन्सवर वाढलेली. पण डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बेसबॉल चालतो, स्पॅनिश बोलतात, आणि तिथल्या वेटरला मी ब्रायन लारा म्हटलं तर त्यानं मला अननसाचा ज्यूस आणून दिला.

कागदपत्रांचं आधी सांगतो कारण ते चुकलं तर बाकीचं वाचून काय उपयोग. आपल्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की डॉमिनिकन रिपब्लिकला वेगळा व्हिसा लागत नाही, टुरिस्ट कार्डाचे पैसे विमानाच्या तिकिटातच धरलेले असतात. एक ई-तिकीट म्हणून फॉर्म भरावा लागतो, येताना आणि जाताना दोन्ही वेळचा, त्याचा क्यूआर कोड येतो आणि तो एअरलाइनच्या काउंटरवर बघतात. हा फॉर्म सरकारी साइटवर फुकट आहे, पण गूगलवर शोधलं की पैसे मागणाऱ्या चार साइट आधी दिसतात, आमची मुलगी वेळेवर ओरडली म्हणून माझे पैसे वाचले. अमेरिकेत परत शिरायचंय हे विसरू नका, व्हिसावर एंट्रीजच्या खाली ‘एम’ आहे का बघून घ्या, म्हणजे मल्टिपल. आणि नातू जरी मांडीवर बसून जाणार असला तरी त्याला स्वतःचा पासपोर्ट लागतोच. नियम बदलत असतात, जायच्या आधी एकदा तुमचं तुम्ही तपासा.

फॉर्म भरताना एक आमच्याकडची गंमत. माझ्या पासपोर्टवर जन्मठिकाण ‘बेळगाव’ आहे, जुन्या स्पेलिंगनं, आणि पत्त्यात ‘बेळगावी’, २०१४ नंतरचं. मिसेस दोन दिवस काळजीत, अहो विचारलं तर काय सांगणार? मी म्हटलं, इतकी वर्षं जो प्रश्न इथे कुणाला सोडवता आला नाही तो पुन्ता कानाचा इमिग्रेशनवाला सोडवेल होय? त्यानं पासपोर्ट उघडला, शिक्का मारला, बिएनवेनिदो म्हणाला, संपलं.

इन्शुरन्समध्ये मात्र खरोखरच घोळ झाला असता. ज्यांच्याकडून पॉलिसी काढली त्यांचं नाव लिहीत नाही, माणूस चांगला आहे, पण त्यानं प्रवासाच्या देशांत अमेरिकेच्या पुढे ‘डॉमिनिका’ टाकलं. डॉमिनिका हा वेगळाच देश आहे! लहानसं बेट, राजधानी रोझो, तिथे इंग्रजी चालतं. आपलं ते डॉमिनिकन रिपब्लिक, राजधानी सांतो दोमिंगो. मी म्हटलं बदलून द्या, तर म्हणतोय, काका एकच हो ते. एकच कसं, निपाणी आणि खानापूर एकच का? शेवटी मॅप उघडून दाखवला तेव्हा दुरुस्त केलं. तुम्ही पॉलिसी घेताना ती अमेरिका धरून सगळ्या जगाची आहे का बघा आणि देशाचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. आणखी एक, कार्डवर परदेशी वापर मुळात बंद असतो, तो बँकेच्या ऍपवरून चालू करायला लागतो, मी ते मुंबईच्या एअरपोर्टवर बसून केलं, ओटीपी येईपर्यंत घाम फुटला.

आता सामान. मुलीनं अमेरिकेतनं यादी पाठवली होती, अशा रिसॉर्टला जाणाऱ्यांच्या याद्या मिळतात तिकडे. त्यात पाण्यात घालायचे बूट, वॉटरप्रूफ पाऊच, बर्फ टिकणारा मोठा मग, कपडे वाळत घालायची दोरी, खुर्चीला टॉवेल अडकवायचे मोठे चिमटे, असलं बरंच. प्रत्येकाची किंमत डॉलरमध्ये. मी यादी वाचली आणि मिसेसला म्हटलं, अगं हे तर आपलं जूनचं सामान आहे. बेळगावचा पावसाळा ज्यानं काढलाय त्याच्या घरी यातलं निम्मं माळ्यावरच असतं. खडे बाजारात पावसाळी प्लास्टिकची सँडल मिळतात ना, मागे पट्टा असलेली, शाळेची पोरं घालतात ती, ती दोन जोड घेतली. मोबाईलला चेन लावलेल्या जाड प्लास्टिक पिशव्या. नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे. मुलगी व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली, “पप्पा, काय करालाय तुम्ही, रिसॉर्टला चाललाय की तिलारीला?”

आता एकेकाचा निकाल. सँडल: शंभर टक्के. वाळू दुपारी तव्यासारखी तापते आणि पाण्यात शिरताना कुठे कुठे प्रवाळाचे खडे लागतात, आमच्या शेजारच्या खोलीतला एक गोरा तळपाय कापून घेऊन लंगडत फिरत होता. आमची सँडल पाण्यात भरली, रिकामी झाली, अर्ध्या तासात वाळली. जावयांचे पाण्यातले भारीचे बूट होते, त्यात वाळू गेली की निघत नव्हती, तिसऱ्या दिवशी ते माझी सँडल घालून फिरायला लागले. मापाला एक नंबर कमी होती, काही बोलले नाहीत.

दोरी आणि चिमटे: हे पण पास. दमट हवा, ओले पोहायचे कपडे, आणि रात्री एसी लावला तरी सकाळी ते ओलेच. गॅलरीच्या कठड्यावर काही वाळत घालायचं नाही असा बोर्ड होता, म्हणून बाथरूममध्ये शॉवरच्या दांडीपासून हूकपर्यंत दोरी बांधली. जुलैत आमच्या माजघरात बांधतो तशीच. रूम साफ करणारी बाई पहिल्या दिवशी बघून हसली आणि दुसऱ्या दिवशी तिनंच आमचे टॉवेल त्या दोरीवर नीट घडी मोडून घातले होते.

फिरकीचा तांब्या: याला मी पाचपैकी सहा देतो. तिकडे बारवर सगळं फुकट, पण ग्लास एवढेसे प्लास्टिकचे, आणि उन्हात दोन घोट घेईपर्यंत बर्फ संपलेला. म्हणून लोक स्वतःचे लिटरभराचे थर्मासचे मग घेऊन येतात. मिसेसनं प्रवासात नेहमी नेतात तो स्टीलचा फिरकीचा तांब्या आणलेला, लग्नातला, त्यावर नाव कोरलंय. तो तिनं बारवर ठेवला आणि खुणेनं सांगितलं, भर. बारवाल्यानं फिरकी उघडली, लावली, परत उघडली, दुसऱ्या बारवाल्याला बोलावून दाखवली. मग काठोकाठ अननस आणि चिनोलाचा रस भरून दिला, चिनोला म्हणजे पॅशन फ्रूट. नंतर पाच दिवस मिसेस दिसल्या की तो लांबूनच हात करायचा आणि तांब्या मागायचा, मला मात्र रांगेत उभा करायचा.

आणि आता केटल. लिहायला लाज वाटते कारण मी वीज खात्यातला माणूस, केईबीत चिकटलो आणि हेस्कॉममधनं रिटायर झालो, सगळी नोकरी मीटर आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये गेली. मिसेसना पहाटे पाचला चहा लागतो, आणि नातवाच्या पेजेला गरम पाणी. म्हणून बेळगावातनं चांगली दीड लिटरची केटल घेतली, सोबत सगळ्या देशांना चालणारा ऍडॅप्टर. मुलीच्या घरी गॅस, त्यामुळे तिथे केटल उघडलीच नाही. रिसॉर्टवर पहिल्या पहाटे लावली, दिवा लागला, आणि वीस मिनिटं झाली तरी पाणी उकळेना! मिसेस म्हणाल्या, “अहो, तुम्ही लाइटवाले ना?” तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अमेरिकेसारखंच ११० व्होल्ट. आपलं २३०. ऍडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही बदलत. आणि तापणाऱ्या वस्तूचं व्होल्टेज अर्धं झालं की पॉवर अर्धी नाही, चौथाई होते. म्हणजे माझी पंधराशे वॅटची केटल तिथे साडेतीनशे वॅटची झाली. हे मी ज्युनिअर पोरांना फळ्यावर काढून शिकवलंय. मोबाईलचा चार्जर कुठेही चालतो, त्यावर १०० ते २४० छापलेलं असतं, पण केटल, इस्त्री, हेअर ड्रायर बेळगावातनं अजिबात नेऊ नका. खोलीत कॉफी मेकर असतो, त्यात नुसतं पाणी गरम करून घेता येतं, पण त्याला कॉफीचा वास बसलेला असतो आणि चहाला तो लागतो. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे तांब्या घेऊन कॉफी शॉपपर्यंत चालत जायचो, उकळतं पाणी घेऊन यायचो. पाच रात्रींचं रिसॉर्ट आणि मी पाणी भरायलोय.

पोचल्यावरचं थोडक्यात. तिथल्या विमानतळाचं छप्पर झावळ्यांचं आहे, बघून बरं वाटतं. रिसॉर्टवर मनगटाला पट्टा बांधतात, दवाखान्यात बांधतात तसा, तो शेवटपर्यंत काढायचा नाही. तो पट्टा दिसला की खायला, प्यायला कुणी काही विचारत नाही. पहिल्या दिवशी आपण माणसं कशी वागतो ते सांगायला नको, मी दुपारी तीनदा जेवलो. लग्नाच्या पंगतीत निदान वाढप्या पुढे सरकतो, इथे बुफे सकाळी सातपासून रात्रीपर्यंत कुठे ना कुठे चालूच. दुसऱ्या दिवशी पोटानं निषेध नोंदवला. मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं आणि नेहमीच्या गोळ्या इथनंच नेल्या होत्या, त्या लागल्या. आत औषधाचं दुकान असतं पण तिथल्या किमती बघून माणूस आपोआप बरा होतोय. नळाचं पाणी प्यायचं नाही, खोलीत बाटल्या ठेवतात, दातही त्यानंच घासा.

मिसेस शाकाहारी, गुरुवार वेगळा. जेवणात खरी तयारी भाषेची लागते हे आम्हाला तिथे कळलं. बेळगावचा माणूस मराठी, कन्नड, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी घेऊन फिरतो, त्याला वाटतं चार भाषांत जग जिंकू. तिथे चारीही बाद. मुलीनं ‘सिन कार्ने’ पाठ करून घेतलं होतं, म्हणजे मटणाशिवाय. ते सांगितल्यावर समोर कोंबडी आली. कारण कार्ने म्हणजे त्यांच्या हिशोबानं लाल मटण, कोंबडी त्यात धरत नाहीत. मग सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन असं सगळं म्हणायला लागलं, कोंबडी नको, मासा नको, हॅम नको. हा श्लोक मी एका चिठ्ठीवर लिहवून घेतला आणि मिसेस तो वेटरपुढे धरायच्या. बीन्सच्या रश्शात पण हॅमचा तुकडा असू शकतो, विचारून घ्या.

खरं तर शाकाहारी माणसाला तिथलं रोजचं जेवण बरंच जवळचं आहे, पण बुफेत ते पिझ्झा-पास्त्याच्या मागे लपवलेलं असतं. भात आणि राजम्यासारखी उसळ. मांगू म्हणून नाश्त्याला असतं, हिरवी केळी उकडून घोटलेली, वर व्हिनेगरमधला कांदा. तोस्तोनेस म्हणजे कच्च्या केळीचे जाड काप, तळायचे, दाबायचे, परत तळायचे. त्यावर मिसेसनं आपली शेंगा चटणी भुरभुरली आणि त्या संध्याकाळी आमच्या टेबलावर पहिल्यांदा शांतता झाली. चटणी दोन डबे नेली होती, अर्धा किलो. एक डबा संपला, दुसरा त्या टॉवेलवाल्या बाईला देऊन आलो. तिखट लागेल म्हणून सांगितलं, खुणेनं. कुंदा न्यायचा मोह झाला होता, पण दुधाचा पदार्थ, कस्टमची कटकट नको म्हणून नेला नाही.

पिणाऱ्यांसाठी: मामाहुआना नावाची एक चीज आहे, बाटलीत झाडाची साल आणि मुळ्या भरून त्यावर रम, रेड वाइन आणि मध. रंगानं काढा, वासानं काढा, चवीला गोडसर काढा. एप्रिलमध्ये गोव्याची उर्राक सोडून गेलेल्या माणसाला त्याचं कौतुक कितपत वाटणार. पण एकदा घ्यायला हरकत नाही.

बुफेशिवाय आत पाच वेगवेगळी हॉटेलं होती, इटालियन, जपानी वगैरे, ती पण पैशात धरलेली. पण रिझर्व्हेशन लागतं, आणि ते पोचल्या पोचल्या नाही केलं तर चांगल्या वेळा जातात, आम्हाला एक दिवस रात्री साडेनऊची मिळाली, नातू टेबलावर झोपला. शिवाय पुरुषांना लांब पँट आणि बंद बूट लागतात. मी इस्त्रीची नवीन बर्मुडा घालून गेलो तर दारातच अडवलं. पाच दिवसांच्या बीचसाठी पँट कशाला म्हणून मी एकच नेली होती, ती विमानात घातलेली आणि त्यावर नातवाचं दूध सांडलेलं. तीच घालून जपानी जेवलो. दोन पँट न्या.

बीचवरच्या खुर्च्यांची गोष्ट मला फार आवडली. गवताच्या छत्रीखालची खुर्ची पाहिजे तर पहाटे साडेसहाला जाऊन टॉवेल टाकून यायचा, मग आठनंतर आरामात यायचं. टॉवेल टाकून जागा धरू नये असा बोर्ड आहे, तो बोर्ड वाचतच लोक टॉवेल टाकतात. हे बघून मला आमच्या सेंट्रल बस स्टँडवरची गाडी आठवली, खिडकीतनं रुमाल टाकायचा आणि सीट आपली. जगभर माणूस एकच आहे बगा. मी पहाटे पाण्याला जातच होतो, चार टॉवेल घेऊन जायचो. पाचही दिवस आम्हाला पहिल्या रांगेतली छत्री. जावयांनी पहिल्यांदा मला मनापासून वाखाणलं ते यासाठी.

समुद्राचा एक स्टार कापला तो सारगॅसमसाठी. हे तपकिरी शेवाळ, समुद्रावर तरंगत येतं आणि किनाऱ्यावर ढीग लागतात, कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास. २०११ पासून अटलांटिकमध्ये याचे मोठमोठे पट्टे व्हायला लागलेत आणि साधारण एप्रिलपासून पावसाळ्यापर्यंत कॅरिबियनच्या किनाऱ्यांना त्रास देतात. फोटोत कुणी दाखवत नाही. आम्ही एप्रिलच्या शेवटी गेलो, दोन दिवस पाणी निळंशार आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर लावून शेवाळ उचलायचं काम चालू. रिसॉर्टचा दोष नाही, उलट त्यांची माणसं पाचपासून राबत होती. पण बुक करताना महिना बघा, आणि किनाऱ्याचं तोंड कुठे आहे ते बघा. पुन्ता कानाचा बावारो भाग खरं तर अटलांटिककडे बघतो, म्हणजे आम्ही कॅरिबियन कॅरिबियन करत गेलो आणि पाय बुडवले अटलांटिकात. दक्षिणेकडे बायाइबे म्हणून गाव आहे, ते खऱ्या कॅरिबियन समुद्रावर, तिकडे पाणी शांत आणि शेवाळ कमी असतं. परत गेलो तर तिकडे. जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन, तेव्हा स्वस्त मिळतं म्हणून उड्या मारू नका.

उन्हाचं काय सांगणार, पुन्ता काना बरोबर पुण्याच्या अक्षांशावर आहे, बेळगाव त्याच्याही दक्षिणेला. म्हणजे सूर्य आपल्याच ओळखीचा. म्हणून मी क्रीम लावलं नाही. पण आपण एप्रिलच्या दुपारी घरात पंख्याखाली असतो, पाण्यात उघडे उभे नसतो, हा फरक खांद्यांची सालं निघाल्यावर कळला. मिसेसनं पूर्ण बाह्यांचा पोहायचा ड्रेस ऑनलाइन मागवला होता, त्या मजेत. लांब बाह्यांचे कपडे घ्या, क्रीम वाचतं. संध्याकाळी डासांचं मलम लावा, डेंग्यू तिकडेही आहे.

टिप. सगळं इन्क्लुडेड म्हणजे टिप पण इन्क्लुडेड असं कागदावर असतं. पण त्या बारवाल्याला, रूमवाल्या बाईला रोज एकेक-दोन दोन डॉलर दिले की त्यांचा दिवस वेगळा जातो आणि आपलाही. एक डॉलरच्या पन्नास-साठ नोटा अमेरिकेतनंच घेऊन जा, तिथे सुट्टे मिळायची मारामार. नाणी देऊ नका, त्यांना ती बदलून मिळत नाहीत. पेसो फार लागत नाहीत, डॉलरला साठेक पेसो बसतात, बाहेर फिरायला निघालात तरच.

आणि एक धोक्याची पाटी. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला एक अतिशय गोड बोलणारा माणूस येतो आणि ‘वेलकम मीटिंग’ला बोलावतो, भेट म्हणून मसाज नाहीतर बोटीची फेरी. ती मीटिंग म्हणजे दरवर्षी यायची मेंबरशिप गळ्यात घालायचा कार्यक्रम. नव्वद मिनिटं म्हणाले होते, जावई अडीच तासांनी बाहेर आले, चेहरा उतरलेला. मी आत असतो तर बिल थकवणाऱ्या गिऱ्हाईकांशी बोलायची सवय कामाला आली असती. हसून ‘नो ग्रासियास’ म्हणा आणि चालत राहा. रिसॉर्टचा एक स्टार यात गेला, अर्धा साडेनऊच्या जपानी जेवणात.

चौथ्या दिवशी मिसेसनी सांगून टाकलं, मला गेटच्या बाहेर न्या. आत राहून देश कुठला कळेना, रोज तेच पूल तेच गाणं. गाडी करून इग्वेयला गेलो, आतल्या बाजूचं गाव, साधारण तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूला ऊस आणि गुरं, मला तर अथणीकडे आल्यासारखं वाटत होतं. तिथे अल्ताग्रासिया मातेची बॅसिलिका आहे, त्या देशाची रक्षणकर्ती देवी म्हणा, १९७१ साली झालेली, काँक्रीटच्या उंच कमानींची. २१ जानेवारीला तिथे मोठी जत्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती, पण दारात मेणबत्त्या, माळा, देवीचे छोटे फोटो विकणाऱ्या बायका बसल्या होत्या, आणि एक म्हातारी लेकराला पुढे धरून काहीतरी नवस फेडत होती. मिसेस बराच वेळ बसून राहिल्या, बाहेर आल्यावर म्हणाल्या, “सौंदत्तीला पण असंच असतंय की.” खांदे झाकलेले कपडे लागतात तिथे, पंजाबी ड्रेस उगाच नेला म्हणून मुलगी कुरकुरत होती, तोच कामाला आला. येताना रस्त्याकडेच्या टपरीवर शहाळं प्यालो, पैसे देऊन. पाच दिवसांत पैसे देऊन प्यायलेलं ते एकच.

हिशोब विचाराल तर विमान धरून माणशी हजार डॉलरच्या थोडं वर गेलं, नातवाचे वेगळे नाहीत. तेवढ्यात बेळगावातनं गोव्याला किती वेळा जाऊन येता येईल तो गुणाकार गल्लीनं करून ठेवलेला आहे, मला सांगू नका. ज्यांची मुलं तिकडे आहेत, व्हिसा आहे आणि लहान मूल सोबत आहे त्यांना हे रिसॉर्ट प्रकरण सोयीचं पडतं, कारण स्वयंपाक नाही, ट्रॅफिक नाही, पोरगं झोपलं तर खोली दोन मिनिटांवर. नुसतं एवढ्यासाठी इथून उठून जाऊ नका, विमानातच दोन दिवस जातात.

सामानाबद्दल अजून कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, सँडल कुठल्या बोळातनं घेतली ते पण सांगतो. केटल परत आणलीय. काल सकाळी लावली, तीन-चार मिनिटांत खळाखळा उकळली. मिसेस काही बोलल्या नाहीत, फक्त घड्याळाकडे बघितलं.